श्रद्धा सुटते, चाल उरते

धर्मश्रद्धा सोडलेल्या माणसाला धर्मातील कोणती गोष्ट सर्वांत शेवटी सोडता येते, असा प्रश्न कोणी विचारला तर माझे उत्तर 'गाणे' असे आहे. एकादशीच्या दिवशी भाकरी खाल्ली की उपवास सुटतो. गळ्यातील माळ काढून फडताळात ठेवता येते. पूजेला बसावयाचे नाकारले की घरात चार दिवस अबोला राहतो, पण तोही संपतो. लहानपणी पाठ झालेला हरिपाठ मात्र असा सुटत नाही. आपण काही मनाशी ठरविण्यापूर्वीच तो ओठावर आलेला असतो.

प्रस्तुत लेखात ह्या न सुटणाऱ्या गाण्याचा विचार करावयाचा आहे. श्रद्धा सोडलेल्या माणसाला लहानपणीच्या भक्तिगीतांची ओढ वाटत राहिली, तर त्या ओढीचा अर्थ काय लावावा? ती मनाच्या कोपऱ्यात दडून बसलेली श्रद्धाच असते काय? आणि ती तशी नसेल, तर त्या गाण्यांशी प्रामाणिकपणे कसे वागावे?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास सातारा आणि सांगली हे जिल्हे फार सोयीचे आहेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत होता. त्या वर्षी 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ह्या मुलखात समर्थांचा सज्जनगड आहे, गोंदवले आहे, दत्ताचे औदुंबर आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीची लोणंद-फलटणची वाटही आहे. ह्याच मुलखात कऱ्हाडजवळचे टेंभू हे आगरकरांचे जन्मगाव, खटाव तालुक्यातील कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे गाव आणि वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे अण्णा भाऊ साठ्यांचे गाव आहे. भक्ती आणि बंड ही दोन्ही पिके येथे एकाच शिवारात निघाली. त्यामुळे एकातून दुसऱ्याकडे गेलेली माणसे येथे पुष्कळ सापडतात.

गाणे अंगात कोठे राहते?

माझा जन्म तासगाव तालुक्यातील एका माळकरी शेतकऱ्याच्या घरी झाला. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. दिवस मावळला की विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ सुरू होई. मध्ये वीणेकरी, शेजारी पखवाज, आणि दोन्ही अंगांना समोरासमोर टाळकऱ्यांच्या रांगा. एका रांगेने चरण म्हणावयाचा आणि दुसरीने तो उचलावयाचा. आम्हा पोरांना रांगेच्या शेवटी उभे करीत आणि हातात लहान टाळ देत. शब्द चुकला तरी कोणी रागावत नसे, कारण चाळीस गळ्यांच्या आवाजात एका पोराची चूक ऐकूच येत नसे. चुकण्याची अशी मुभा मला पुढे कोणत्याही शाळेत मिळाली नाही.

ह्या शिक्षणाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी पाय पावली शिकले, मग हात टाळ शिकला, मग जिभेला शब्द पाठ झाले. अर्थ सर्वांत शेवटी आला. हरिपाठातील कित्येक शब्दांचा अर्थ मला एम.ए.च्या वर्गात कळला. मोठ्या अभंगाची घडणही ह्या क्रमाला पोषक आहे. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे ओळ तेथे टेकते आणि गाणाऱ्याला श्वास घेण्यास जागा मिळते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला शेकडो अभंग मुखोद्गत राहत, त्याचे एक कारण ह्या मोजमापात आहे.

पुढे महाविद्यालयात आगरकरांचे निबंध आणि फुल्यांचे लेखन वाचनात आले, आणि दोन वर्षांत माझी देवावरील श्रद्धा गेली. ती रुसून किंवा कोणावर चिडून गेली नाही. वाद ऐकला, तो पटला, आणि मत बदलले. परंतु निबंधाने मत बदलते. पावली बदलण्याचे सामर्थ्य निबंधात नसते. मेंदूला इजा होऊन बोलणे गेलेल्या काही रुग्णांना ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणता येते, ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ह्याचा अर्थ एवढाच की, आपण जे विधान म्हणून जाणतो आणि जे गाणे म्हणून जाणतो, त्या दोहोंची वाट एकच नसते. 'देव आहे' हे विधान आहे आणि ते खोडून काढता येते. कार्तिकातील पहाटेचा काकडा हे विधान नसल्यामुळे तो खोडून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे माझे श्रद्धाळू आप्त म्हणतात, "बघ, तुझा गळा भरून येतो म्हणजे पांडुरंगच तुला बोलावतो आहे." त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे, परंतु हा युक्तिवाद टिकत नाही. मिरजेच्या दर्ग्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाचा गळा कव्वालीने भरून येतो. त्याच गावच्या ख्रिस्ती घरातील मुलाचा नाताळच्या गीताने. ओढ हाच पुरावा मानावयाचा, तर हे सर्व पुरावे एकाच वेळी मान्य करावे लागतील. उलट बाजूने माझे काही बुद्धिवादी मित्र ह्या ओढीला दुबळेपणा म्हणतात. तेही मला मान्य नाही. ज्यांनी धर्म सोडला किंवा बदलला अशा ह्या परिसरातील मोठ्या माणसांकडे पाहिले, तर त्यांनी गाण्याला दुबळेपणा मानलेले दिसत नाही.

सोडून गेलेल्यांनी बरोबर काय नेले?

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. भटभिक्षुकशाही, मूर्तिपूजा, अवतारकल्पना ह्या सर्वांवर त्यांनी घाव घातले. परंतु लोकांना नीती सांगण्यासाठी त्यांनी जी पद्यरचना केली ती 'अखंड' ह्या नावाची, आणि तिचा साचा उघडपणे अभंगाचा आहे. शेवटच्या चरणात कवीने स्वतःचे नाव गुंफावयाची संतांची पद्धतही त्यांनी ठेवली. मात्र विठ्ठलाच्या जागी 'निर्मिक' आला. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त लग्नातील मंगलाष्टकेही आहेत. ती वधूवरांनी एकमेकांस वचन देण्याची आहेत. लग्नात गाणे हवे ही गरज फुल्यांनी ओळखली आणि गाण्यातील मजकूर बदलला.

हाच मार्ग सत्यशोधक जलशांनी पुढे नेला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सातारा-कोल्हापूरकडील गावोगावी हे जलसे होत. त्यांत तमाशातल्याप्रमाणे गणही असे. पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा, नायक असा अर्थ फिरवून घेतलेला असे. अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) ह्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या लोकनाट्यातील गणात गणेशाला वंदन नाही. ते मातृभूमीला आणि तिच्यासाठी झटलेल्यांना आहे. गण ही जागा त्यांनी रिकामी सोडली नाही. प्रेक्षकाचे कान त्या जागी काहीतरी मागतात, हे त्यांना बोर्डावर उभे राहून समजले होते.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण थोडे निराळे आहे. त्यांनी श्रद्धाच सोडली असे नव्हे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. परंतु नव्या देवासाठी त्यांनी गाणे लिहिले ते मराठी अभंगाचे आणि भजनाचे. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची गीते आजही म्हटली जातात. टिळकांनी देऊळ सोडून चर्च जवळ केले, पण तुकोबांची वाणी चर्चच्या दाराशी ठेवून ते आत गेले नाहीत.

ह्या सर्वांत आगरकर मात्र एकटे दिसतात. १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या ह्या टेंभूच्या मुलाने महाराष्ट्राला तर्काची शिस्त दिली; गाणे दिले नाही. ते त्यांचे कामही नव्हते, आणि त्यात त्यांना उणेपणा येत नाही. तथापि, माझ्या गावात फुल्यांचा अखंड म्हणणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. आगरकरांचा निबंध म्हणून दाखविणारे कोणी पाहिले नाही. विचार ज्या घरी वाचला जात नाही त्या घरी तो गाण्याच्या खांद्यावर बसूनच जातो.

ओढ सर्वांची सारखी नसते

एवढ्यावर थांबलो तर हा लेख अर्धाच राहील. मी ज्या देवळातील गाण्यासाठी हळवा होतो, त्या देवळात उभे राहण्यास मला कोणी अडविले नव्हते. ज्यांना अडविले त्यांचे काय?

चोखामेळ्याचे अभंग वारकरी मोठ्या प्रेमाने म्हणतात. पण त्याची समाधी पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीपाशी, म्हणजे बाहेर आहे. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर. गाणे सर्वांना समान म्हणत होते आणि उंबरठा तसे म्हणत नव्हता. श्रद्धा सोडलेल्या माणसाने गाण्याची आठवण काढताना उंबरठ्याची आठवण गाळू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यास गेले. त्यांच्या मातोश्री भीमाबाई १८९६ मध्ये तेथेच वारल्या, आणि १९०० मध्ये भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते, आणि घरात भजन-अभंग म्हणण्याचा नित्याचा शिरस्ता होता. ते शब्द पुढे वाया गेले नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या शिरोभागी तुकारामाचा अभंग होता. १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी हिंदू धर्म सोडला. संतवाणीवरील प्रेमामुळे त्यांचा निर्णय लांबला नाही, आणि निर्णयासाठी त्यांना त्या प्रेमाची लाज बाळगावी लागली नाही. माझ्या दृष्टीने ह्या सबंध प्रश्नाचे हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे.

माझे एक सहकारी बौद्ध कुटुंबातील आहेत. मी एकदा त्यांच्याजवळ ह्या ओढीविषयी बोललो, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, तुमची ओढ तुम्हाला परवडते. माझ्या आईनं छप्पन साली जात्यावरच्या ओव्यांतून विठ्ठल काढला आणि भीमराव घातले. चाल तीच ठेवली. कधी दळताना चुकून जुनी ओवी तोंडात यायची, मग ती जातं थांबवायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची." मी त्यांना विचारले, "आईंना त्या जुन्या ओवीचं वाईट वाटत असे का?" ते म्हणाले, "ओवीचं वाटत असेल. देवाचं नाही."

हे घर अपवादात्मक नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन ह्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत पंढरीच्या ओव्या आहेत, भावाच्या आणि सासरच्या आहेत, आणि बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. देव बदलला, जाते तेच, गळा तोच. बायांनी कोणताही निबंध न वाचता जो निवाडा केला, तो फुल्यांच्या अखंडातील निवाड्याहून निराळा नाही.

ऐकणे आणि म्हणणे

श्रद्धा नसलेल्याला भजन ऐकण्याची एक सोय मिरजेने करून दिली आहे. कुरुंदवाडास १८७२ मध्ये जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले. मैफलीत भजनाला मानाचे स्थान देण्याचे मोठे श्रेय त्यांचे आहे. १९३१ मध्ये मिरजेसच त्यांचे निधन झाले. त्याच मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) विसावले आहेत. मैफलीत कोणी श्रोत्याची श्रद्धा तपासत नाही. तिकीट काढावे, डोळे मिटावेत, आणि भजनाला राग म्हणून दाद द्यावी.

परंतु गावचे भजन ऐकण्यासाठी नसते, ते म्हणण्यासाठी असते. खरी परीक्षा तेथे होते. आण्णा वारल्यानंतरच्या पहिल्या सप्ताहात ती माझ्यावर आली. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवीत नाहीत. रात्रंदिवस पहारे लावतात. रात्री बारा ते दोन हा पहारा आण्णांचा होता. गावातील वडीलधारे तात्या मला म्हणाले, "आण्णाच्या पहाऱ्याला आता तू हुबा ऱ्हा." वीणेकऱ्याच्या पाया पडण्याची रीत आहे. मी म्हणालो, "तात्या, माझा देवावर विश्वास नाही. इणा धरली तर लोकं माझ्या पाया पडतील. ते खोटं होईल." तात्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आरं, मग टाळ घे की. इणा दुसरा कोन बी धरंल. टाळाला कोन इचारतंय, तू देव मानतूस का न्हाई?"

मी दोन तास टाळ वाजविला. आण्णांना आवडणारे अभंग म्हटले. शोकसभेत ज्या दुःखाला शब्द सापडले नव्हते, त्याला तेथे तीनशे वर्षांपूर्वीचे तयार शब्द मिळाले, आणि ते एकट्याने उच्चारावे लागले नाहीत. त्या रात्री देव आहे असे मला वाटले नाही. आण्णा नाहीत हे मात्र प्रथमच नीट कळले.

तात्यांनी केलेला भेद मला फार मोलाचा वाटतो. भक्तिगीतात चाल, शब्द आणि शपथ अशा तीन गोष्टी एकत्र असतात. चाल कोणाच्या मालकीची नसते. ती निःशंकपणे ठेवावी. शब्द काव्य म्हणून घ्यावेत, आणि जेथे ते स्त्रीला किंवा जातीला हीन लेखतात तेथे ते न म्हणण्याचे धैर्य असावे. शपथ, म्हणजे माळ, वीणा, अनुग्रह, ही श्रद्धेशिवाय घेऊ नये. तसे करणे श्रद्धावंतांची फसवणूक होय. हा भेद पाळला तर ओढ आणि सचोटी ह्यांत भांडण राहत नाही.

आपल्यापुढील काम

इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डी (१८४०-१९२८) ह्यांची श्रद्धा तरुणपणीच ओसरली होती. त्यांचे आजोबा आणि वडील गावच्या चर्चमधील वाद्यवृंदात वाजवीत. तो वृंद मोडून त्याच्या जागी ऑर्गन आला, ह्या घटनेवर हार्डींनी १८७२ मध्ये 'अंडर द ग्रीनवुड ट्री' ही कादंबरी लिहिली. त्यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत आहेत, पण हृदय त्यांच्या गावच्या चर्चच्या आवारात पुरले आहे. चर्चचे ते जुने वादन आज आपल्याला कळते, ते श्रद्धा नसलेल्या ह्या माणसाने त्याची आस्थेने नोंद केली म्हणून.

आपल्याकडे ऑर्गनचे काम पिठाच्या गिरणीने केले. जाते थांबले, तशी ओवी थांबली. सप्ताह आजही होतात, पण ध्वनिक्षेपकावर एकच बुवा गातो आणि रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या पोराच्या हाती टाळ येतोच असे नाही. राईरकर-पॉइटव्हिन ह्यांचा संग्रह २०१७ पासून 'परी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने लोकांसमोर आणला आहे. पण प्रत्येक गावाचा गळा त्यात आलेला असणे शक्य नाही. उरलेले काम केवळ श्रद्धावंतांवर सोपवून भागणार नाही. ते उपासनेला लागणारी गाणी जपतील. वहिवाटीतून गेलेली, बदललेली, थांबवून पुन्हा सुरू केलेली गाणी कोण जपणार?

म्हणून आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. ह्या दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा एक वही बरोबर न्या. आजीला, चुलतीला, शेजारच्या वस्तीतील म्हाताऱ्या बाईला गावयास सांगा. गाणे, गाव, गाणारीचे वय आणि ते कोणत्या वेळी म्हणत ते लिहून घ्या. भ्रमणध्वनीवर चालही टिपा. नाव छापावयाचे तर तिची परवानगी घ्या. आणि सर्व झाल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारा : "आजी, ह्यातलं कोणतं गाणं तुम्ही म्हणायचं सोडलं, आणि का?" तिचे उत्तर जसेच्या तसे, तिच्याच बोलीत उतरवा. पुढील वर्षीच्या अंकासाठी त्याहून चांगला अभ्यासलेख मला सुचत नाही.